बैठकीतली शांतता

प्रिय मित्रा,

अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र दोनदा वाचले. रात्री अकरा वाजता येणारे वरिष्ठांचे फोन, रजा मागितली की ऐकावे लागणारे टोमणे आणि दुसऱ्याची चूक तुझ्या माथी मारली जाणे, हे सारे लिहून शेवटी तू विचारले आहेस की दोष कंपनीचा की तुझ्या सहनशक्तीचा. मला मात्र सर्वांत अधिक काळजी वाटली ती तू सहज लिहून गेलेल्या एका वाक्याची: ‘आमच्या बैठकीत कोणी कधी अडचण मांडत नाही.’

अमेरिकेतील संशोधक एमी एडमंडसन यांनी १९९० च्या दशकात रुग्णालयांतील गटांमध्ये औषध देताना होणाऱ्या चुकांचा अभ्यास केला. चांगल्या गटांत चुका कमी आढळतील, अशी त्यांची अपेक्षा होती. प्रत्यक्षात जेथे नेतृत्व आणि परस्परसंबंध उत्तम होते, तेथेच नोंदलेल्या चुका अधिक निघाल्या. त्या गटांतील माणसे अधिक चुकत होती असे नव्हे, तर चूक झाल्याचे सांगायला ती कचरत नव्हती, असा त्याचा उलगडा त्यांनी केला. याउलट, १९८६ मध्ये ‘चॅलेंजर’ यानाच्या उड्डाणाच्या आदल्या रात्री कडाक्याच्या थंडीचा धोका अभियंत्यांनी स्पष्टपणे मांडला होता. त्यांच्याच व्यवस्थापकांनी तो बाजूला सारला आणि दुसऱ्या दिवशी सात अंतराळवीर मृत्युमुखी पडले. म्हणून कामाचे तास मोजण्याआधी वाईट बातमी वरपर्यंत पोहोचते का, आणि पोहोचवणाऱ्याचे पुढे काय होते, हे पाहावे. मुदत जवळ आली की जागरणे सगळीकडेच होतात. तेवढ्यावरून मी कोणत्याही कंपनीला नावे ठेवणार नाही.

आता तुझ्या प्रश्नाकडे येतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये ‘बर्नआउट’ची व्याख्या केली, तेव्हा त्याला आजार न म्हणता कामाशी निगडित बाब म्हटले आणि त्याचे मूळ कामाच्या ठिकाणी दीर्घकाळ न हाताळल्या गेलेल्या ताणात असल्याचे नोंदवले. थकवा, कामाविषयीचा दुरावा किंवा कडवटपणा आणि घटलेली कार्यक्षमता ही त्याची तीन लक्षणे होत. त्यांपैकी कडवटपणा माणसाला स्वतःला सर्वांत उशिरा दिसतो, असा माझा अनुभव आहे. अशाच एका कंपनीत तिसऱ्या वर्षी मी एका नवख्या मुलाला सगळ्यांसमोर झापले. शब्द, आवाज, इतकेच काय पण टेबलावर पेन आपटण्याची लकबही माझ्या साहेबांची होती. सहन करण्याची ताकद माझ्यात भरपूर होती, आणि नेमके तिनेच मला तेथे नको इतके दिवस थांबवले.

तू आजपासून घडलेल्या गोष्टींची तारीखवार नोंद ठेव: कोण काय म्हणाले, कोण हजर होते, एवढेच, त्यात शेरे नकोत. तोंडी आदेश मिळाला तर ‘दुपारी बोलल्याप्रमाणे मी हे काम असे करत आहे’ अशी दोन ओळींची ईमेल पाठवत जा, कारण चूक दुसऱ्याच्या नावावर खपवणाऱ्याला लेखी कागदाची अडचण होते. मात्र कंपनीची गोपनीय कागदपत्रे घरी नेऊ नकोस. तुझी बाजू खरी असूनही त्या एका गोष्टीने ती लंगडी पडेल. एचआरकडे जायचे असेल तर ‘वातावरण वाईट आहे’ असे मोघम न सांगता घटना, तारखा आणि तुझी नेमकी मागणी घेऊन जा. तो विभाग शेवटी कंपनीचाच असतो, हे ध्यानात ठेवून जा, पण जा.

राजीनामा रागाच्या भरात लिहू नये. निदान सहा महिन्यांचा खर्च भागेल एवढी शिल्लक जमव आणि दुसरीकडे शोध सुरू कर. पण झोप उडाली असेल किंवा तब्येत ढासळू लागली असेल, तर शिल्लक पुरी होण्याची वाट पाहू नकोस.

पुढच्या बैठकीत एखादी लहानशी, खरीखुरी अडचण शांतपणे मांडून बघ. त्यानंतर टेबलाभोवती काय होते, कोण मान खाली घालतो आणि बैठक संपल्यावर तुझ्याशी बोलायला कोण येते, ते मला सविस्तर कळव.

तुझा हितचिंतक