श्वासाकडे लक्ष दिलं की धडधड वाढते, मग काय करू?

प्रश्न : मी पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे. महिन्याभरात परीक्षा आणि त्याच काळात नोकरीच्या मुलाखती. छातीत धडधडतं, झोप लागत नाही, वाचलेलं डोक्यात राहत नाही. मैत्रिणीने सुचवलं म्हणून आठवडाभर माइंडफुलनेसचं (म्हणजे आत्ता जे होतंय त्याकडे शांतपणे लक्ष देण्याच्या सरावाचं) अ‍ॅप लावून रोज रात्री 20 मिनिटं बसले. पण श्वासाकडे लक्ष दिलं की धडधड जास्तच जाणवते आणि अजून घाबरायला होतं. हे माझ्यासाठी नाहीच का?

उत्तर : तुझ्यासाठी आहे, पण तू सुरुवात अवघड टोकाकडून केलीस. छाती आधीच धडधडतेय आणि तू डोळे मिटून 20 मिनिटं तिच्याकडेच लक्ष लावून बसतेस. मग धडधडच मोठी वाटणार. हा अनुभव अनेकांना येतो, त्यात तुझं काही चुकलेलं नाही.

जॉन कबाट-झिन यांनी 1979 मध्ये अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात या पद्धतीचा अभ्यासक्रम सुरू केला. तो 8 आठवड्यांचा असतो, रोज घरी सुमारे 45 मिनिटांचा सराव, आणि सोबत शिक्षकाचं मार्गदर्शन. ऐन परीक्षेच्या महिन्यात एकटीने तेवढं रेटण्यात अर्थ नाही. तुला आत्ता छोटं आणि वारंवार करता येईल असं काहीतरी हवंय.

पहिला आठवडा श्वास बाजूला ठेव. खुर्चीत बस, दोन्ही तळपाय जमिनीला पूर्ण टेकव, डोळे उघडे, नजर समोर खाली. 3 मिनिटं फक्त तळपायांकडे लक्ष दे. टाचेवर भार जास्त आहे की चवड्यावर? फरशी गार लागतेय का? मोज्याची शिवण कुठे टोचतेय? मन पाचव्या सेकंदाला निकालावर जाईल. गेलं की मनातच म्हण, ‘निकालाचा विचार’, आणि परत टाचेवर ये. तीन मिनिटांत वीसदा परत यावं लागलं तर वीसदा सराव झाला. वेळेसाठी साधं घड्याळ वापर. फोन हातात घेतलास की एखादा मेसेज दिसतो आणि तीन मिनिटं तिथेच संपतात. दिवसातून चार-पाचदा कर, पण वेळा घड्याळाच्या नकोत, कामाला जोडलेल्या हव्यात : पुस्तक उघडण्याआधी, जेवणाआधी, सराव पेपर संपल्यावर लगेच.

करताना सगळ्यात जास्त घात होतो तो ‘भीती गेली का?’ हे तपासत राहण्याने. तपासायचं म्हणजे भीतीलाच शोधायचं, आणि शोधली की ती सापडतेच. भीती असतानाही लक्ष पानावर परत आणता आलं, एवढंच बघ.

दुसऱ्या आठवड्यात श्वासाचा सराव सुरू कर, पण श्वास खोल नको. नाकाने मनात 4 मोजेपर्यंत आत, 6 मोजेपर्यंत बाहेर, साधारण 2 मिनिटं. श्वास सोडताना हृदयाची गती थोडी मंदावते, म्हणून बाहेरचा भाग लांब. ‘दीर्घ श्वास घे’ हा सल्ला ऐकून मुलं भराभर मोठे श्वास घेतात, रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, बोटांना मुंग्या येतात, गरगरतं, आणि हाच अटॅक असं वाटून आणखी घाबरतात. तसं झालं तर मोजणं सोड आणि तळपायांवर परत ये.

आता अभ्यासाचं. सगळीच चिंता उगाच नसते. टेबलावर एक कोरा कागद ठेव. वाचताना काळजी आली की तिथे तीन-चार शब्दांत टाक आणि वाचन चालू ठेव. संध्याकाळी ठरलेल्या 15 मिनिटांत तो कागद वाच, अंथरुणात नाही. ‘तिसरं प्रकरण राहिलंय’ ही काळजी खरी आहे, तिला उद्याच्या वेळापत्रकात जागा दे. ‘नापास झाले तर?’ याला आज काहीच करता येत नाही, ती ओळ तशीच सोड. न वाचलेलं प्रकरण कितीही ध्यान केलं तरी वाचून होत नाही. मला वाटतं, या विषयावर बोलणारे हे सांगायचं विसरतात.

पेपरात डोकं रिकामं झालं तर : पेन खाली, तळपाय जमिनीवर, तीन लांब उच्छ्वास. मग प्रश्न बोट फिरवत सावकाश वाच, ‘स्पष्ट करा’ की ‘तुलना करा’ ते अधोरेखित कर आणि त्या विषयातला आठवेल तो एक शब्द कच्च्या कामाच्या जागेत लिही. हे सगळं मिनिटभरात होतं. मात्र घरी वेळ लावून सोडवलेल्या दोन-तीन सराव पेपरांत ते मुद्दाम करून बघ, नाहीतर ऐन वेळी सुचणार नाही. मुलाखतीतही असंच आधी थांबायचं : समोरच्याचा शेवटचा शब्द ऐकून होईपर्यंत उत्तर जुळवायला घेऊ नकोस.

झोपेसाठी आधी कॉफी बघ. कॅफीन अर्ध्यावर यायला साधारण 5 तास लागतात, म्हणजे संध्याकाळी सहाच्या कपातलं निम्मं रात्री अकरालाही अंगात असतं. दुपारनंतर बंद कर. अंथरुणात अंदाजे 20 मिनिटांत झोप लागली नाही तर उठून मंद उजेडात बस आणि डोळे जड झाले की परत जा.

धडधड कॉफी सोडूनही थांबत नसेल, छातीत दुखत असेल, चक्कर येत असेल, दोन आठवडे झोप किंवा जेवण तुटलं असेल तर डॉक्टरांना दाखव. जगणं नको वाटलं, स्वतःला इजा करावीशी वाटली तर त्याच दिवशी घरच्यांना आणि डॉक्टरांना सांग. तिथे सरावावर भागवायचं नाही.

आणि एक, कारण निम्मा ताण तारखांचा दिसतोय. मुलाखत पेपरच्या दिवशी किंवा आदल्या दिवशी येत असेल तर परीक्षेचं वेळापत्रक जोडून कंपनीला दोन ओळींचा ईमेल लिही आणि सोयीच्या दोन पर्यायी तारखा दे. विद्यार्थी विचारतच नाहीत. तारीख कळल्यादिवशीच पाठव, आदल्या रात्री नको.