जुन्या गाडीची पुढची स्प्रिंग तुटली तर एकच बदलावी की जोडी?

तुम्ही विचारलंय: गाडी 2010 ची, पुढची डावी स्प्रिंग तुटली आहे, गॅरेजवाला म्हणतो एकच बदलू, तोपर्यंत चालवली तर चालेल का, आणि एवढ्या जुन्या गाडीवर खर्च करावा का. शेवटी एक वाक्य जोडलंय, "बायकोने खड्ड्यात घातली असणार." मी उत्तर लिहायला बसले ती या शेवटच्या वाक्यामुळे.

आधी कामाचं सांगते. गाडी जागची हलवू नका. स्प्रिंगा जोडीनेच बदला. तुटलेल्या स्प्रिंगला कुणी वेल्डिंग करून देतो म्हणाला तर त्या गॅरेजात परत जाऊ नका. आणि बायकोला काही बोलला असाल तर आधी तुटलेला तुकडा नीट बघा. तो कसा बघायचा ते खाली येतंच आहे.

आमची गाडी 2008 ची, बाबांनी निवृत्तीच्या पैशांतून घेतलेली छोटी हॅचबॅक. दादा पुण्याला असतो, मी चिपळूणला आईबाबांजवळ. बाबांनी 2016 ला गाडी चालवणं सोडलं, तेव्हापासून ती माझ्याकडे. दवाखाना, बँक, लग्नकार्यं, सगळं मीच केलं.

2022 च्या डिसेंबरात आवाज सुरू झाला. स्टिअरिंग पूर्ण फिरवून गेटातून गाडी काढताना डावीकडून "टक्" व्हायचं. सरळ रस्त्याला काही नाही, स्पीडब्रेकरवर कधी यायचा, कधी नाही. इथल्या एका गॅरेजला दाखवली. त्याने लिंक रॉड बदलला, पैसे घेतले. आवाज तसाच. परत गेले तर म्हणाला, ताई, हायवेचं काम चाललंय, सगळ्याच गाड्या वाजतात. तिसऱ्यांदा गेले तेव्हा त्याने गाडीला हातसुद्धा लावला नाही, आवाज तुमच्या मनात बसलाय म्हणाला. दादाला फोनवर सांगितलं तर तोही तेच, "जुनी गाडी आहे, वाजणारच."

रोज गाडी चालवणाऱ्याला तिचा आवाज कळतो. यात बाई-पुरुष काही नसतं. नवा आवाज आला की त्याला काहीतरी कारण असतंच.

जानेवारीत आईला मोतीबिंदूच्या तपासणीसाठी कराडला मावशीकडे घेऊन गेले. कुंभार्ली घाट चढून, कोयनानगर, पाटण करत संध्याकाळी पोचलो. गाडी अंगणात लावली. रात्री कधीतरी मावशीला परातीवर वरवंटा पडावा तसा आवाज आला, तिला वाटलं मांजराने काहीतरी पाडलं. सकाळी मी बाहेर आले तर गाडीचं डावं नाक खाली बसलेलं. टायर बघितला, हवा भरपूर. मग चाकावरच्या पत्र्याखाली बोटं घालून बघितली. उजवीकडे चार बोटं सहज जात होती, डावीकडे जेमतेम दोन. टेप आणून चाकाच्या मध्यापासून पत्र्याच्या कडेपर्यंत मोजलं, साडेतीन सेंटिमीटरचा फरक. स्टिअरिंग पूर्ण फिरवून मोबाइलचा टॉर्च मारला तेव्हा दिसलं. स्प्रिंगचा खालचा वेढा सुटून वाटीबाहेर आला होता आणि त्याचं टोकदार तोंड टायरपासून बोटभर अंतरावर होतं.

गाडी हलवू नका म्हणते ती या टोकासाठी. बहुतेक छोट्या गाड्यांना पुढे शॉकअपभोवतीच स्प्रिंग असते आणि ती ज्या वाटीत बसते ती वाटी टायरच्या अगदी वर किंवा लगत असते. तुटलेलं टोक घसरलं की थेट टायरच्या बाजूच्या भिंतीला लागतं. ती भिंत पातळ असते, तिथे फाटलेला टायर हळूहळू बसत नाही, फुटतो. मावसभाऊ म्हणाला, हळूहळू चिपळूणला ने, आपल्या माणसाकडे काम कर. शंभरेक किलोमीटर, त्यात घाट उतरायचा, पुढचं चाक, शेजारी आई. मी नाही म्हणाले. आजही तेच म्हणेन.

त्यानेच मग ओळखीचा एक मिस्त्री आणला. साठीचा माणूस, आयुष्य उसाच्या ट्रकांचे पाटे, म्हणजे एकावर एक रचलेल्या पट्ट्यांच्या स्प्रिंगा, बसवण्यात गेलेलं. कारखान्यांचा हंगाम चालू होता, तरी आला. स्कूटरवरून आला, खाली वाकून बघितलं आणि पहिला प्रश्न विचारला, "ही गाडी पाण्यात होती का?"

होती. 22 जुलै 2021 ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणात शिरलं तेव्हा ती अंगणातच होती. खाली बाजारपेठेत दुकानंच्या दुकानं बुडाली. आमचं घर जरा उंचावर, तरी पाणी गाडीच्या सीटच्या गाद्यांना टेकलं. नंतर आम्ही गालिचे काढले, सीट उन्हात वाळवल्या, ऑइलं बदलली, वायरिंग साफ करून घेतलं, आणि गाडी सुरू झाली म्हणून आई रडली होती. स्प्रिंगच्या वाट्यांकडे मात्र कुणी बघितलं नाही. मीही नाही.

मिस्त्रींनी अंगणातच गाडी लाकडी ठोकळ्यांवर घेतली, दोन्ही बाजूंचे शॉकअप स्प्रिंगसकट उतरवले आणि मावसभावाच्या मदतीने गॅरेजला नेले. मी मागोमाग गेले. तिथे त्यांच्याकडे स्प्रिंग दाबून धरायचा कंप्रेसर होता, तो दोन्ही बाजूंनी आवळल्याशिवाय त्यांनी वरच्या नटाला पाना लावला नाही. तुमचा गॅरेजवाला हे कसं करतो ते आधी विचारा. छोट्या गाडीच्या पुढच्या एका कोपऱ्यावर अडीचशे किलोच्या आसपास भार असतो आणि शॉकअपवर बसवलेली स्प्रिंग गाडीखालून काढली तरी दाबलेलीच असते. दोरी किंवा साखळी बांधून नट सोडणारी माणसं मी पाहिली आहेत. स्प्रिंग सुटली तर समोरच्याचा जबडा मोडतो. हे काम घरी करू नका, कंप्रेसर नसेल त्याला देऊही नका.

स्प्रिंग निघाल्यावर खालच्या वाटीत गाळ निघाला. वाशिष्ठीचा तो बारीक, राखाडी गाळ, दीड वर्षाने दगडासारखा झालेला. वाटीच्या तळाला पाणी जायला भोक असतं, ते पूर्ण बुजलं होतं. म्हणजे दोन पावसाळे स्प्रिंगचं बूड ओल्या चिखलात होतं. स्प्रिंगवरचा रंग हे तिचं चिलखत असतं. ते खडा लागून किंवा चिखलात घासून एका जागी गेलं की गंज धरतो, गंजाने बारीकसा खड्डा पडतो, आणि प्रत्येक धक्क्याला तार पिळली जाते तेव्हा सगळा ताण त्या खड्ड्यावर येतो. तिथून तडा सुरू होतो. म्हणून स्प्रिंगा बहुधा खालच्याच वेढ्यात तुटतात.

त्या गाळातून मिस्त्रींनी दोन बोटं लांबीचा एक तुकडा काढला. स्प्रिंगचं शेवटचं टोक. मग ते मोठी स्प्रिंग आणि तो तुकडा घेऊन उजेडात आले आणि म्हणाले, आता बघा. लहान तुकड्याचं तुटलेलं तोंड संपूर्ण तांबूस, गंजलेलं. म्हणजे तो तुटून कित्येक आठवडे झाले होते. माझा "टक्" तोच, टोक नसलेली स्प्रिंग वाटीत सरकायची तो. वर एका वेढ्याच्या अंतरावर दुसरी तूट, रात्रीची. तिचं तोंड तिरकं होतं, पिळून तोडलेल्या उसासारखं, आणि त्यावर एका कडेला चंद्रकोरीएवढा भाग तपकिरी, बाकी सगळं चकचकीत, दाणेदार. तपकिरी कोर म्हणजे जुना तडा, चकचकीत ते काल रात्रीचं. "तडा आधीचाच होता, ताई. ही कुणी आपटून तुटलेली नाही," ते म्हणाले. पाटा तुटला तर त्याच्या खालचे पाटे ट्रक धरतात, या गुंडाळीला कुणी जोडीदार नसतो, हेही त्यांनीच सांगितलं.

उभ्या गाडीची स्प्रिंग तुटते हे मला आधी पटत नव्हतं. पण गाडीचं वजन रात्रीही तिच्यावरच असतं, आणि थंडीत पोलाद थोडं ठिसूळ होतं.

जोडी का, तर उजवी स्प्रिंग बाहेर काढली तेव्हा तिच्या बुडालाही रंग फुगलेला होता. तिचं वय तेच, तिने खड्डे तेच खाल्लेले, गाळही तोच. शिवाय पंधरा वर्षांची स्प्रिंग दबून थोडी बुटकी झालेली असते. शेजारी नवी बसवली की गाडी एका बाजूला उंच राहते. मजुरीत काय ते वाचवाल, आणि सहा महिन्यांनी पुन्हा तीच मजुरी द्याल. मला दोन स्प्रिंगा, दोन स्ट्रट माउंटिंग (शॉकअपच्या वरच्या टोकाची बैठक), मजुरी आणि अलाइनमेंट धरून साडेसहा हजार पडले. त्यासाठी कराडला आणखी दोन दिवस राहावं लागलं, आईची तपासणी तेवढ्यात झाली.

दादाला फोन केला तर पहिलं वाक्य, "घाटात आपटलीस ना?" पुढे तीन गणपती हेच ऐकलं. सगळे जमले, मोदक झाले, आरती झाली, की कुठूनतरी विषय निघायचा आणि तो पाहुण्यांसमोर सांगायचा की हिने स्प्रिंग तोडली. सात वर्षं आईबाबांना कुंभार्ली आणि परशुराम घाटातून ने-आण केली, एकदाही ओरखडा नाही, आणि माझ्या नावावर ही स्प्रिंग. खड्ड्यातली आपट हे स्प्रिंग तुटण्याचं निमित्त असू शकतं, कारण क्वचितच. चांगली स्प्रिंग एका खड्ड्यात तुटत नाही. त्याआधी रिम वाकते, टायर फुटतो. तुमच्या तुटलेल्या स्प्रिंगच्या बाजूची रिम बघा. ती सरळ असेल तर विषय तिथेच मिटवा.

थोडं राहिलेलं. नवी स्प्रिंग घेताना गाडीचं मॉडेलच नाही, पेट्रोल की डिझेल तेही सांगा. डिझेलचं इंजिन जड, म्हणून त्याच मॉडेलच्या पुढच्या स्प्रिंगा वेगळ्या असतात. स्प्रिंगवर रंगाच्या खुणा असतात, जुन्या आणि नव्या ताडून बघा. भंगारातली स्प्रिंग नको, तिचं वय तुम्हाला कुणी सांगणार नाही. आणि वेढ्यांमध्ये घालायचे रबरी बफर मिळतात, ते तुटलेल्या स्प्रिंगवरचा उपाय नाहीत. त्यांच्याखाली चिखल साठतो आणि आमच्या वाटीत झालं तेच तिथे होतं. टोक टायरपासून लांब असेल आणि गॅरेज गल्लीतच असेल तर लोक चालत्या वेगाने नेतात, हे मला माहीत आहे. तरी मी म्हणेन, मिस्त्रीला घरी बोलवा किंवा गाडी ट्रकवर चढवून न्या.

खर्च करावा का, याचं उत्तर मी तुमच्यासाठी देऊ शकत नाही. खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षांची, पुढे तपासणी करून पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण. आमचं 2023 ला केलं. तुमची तारीख जवळ असेल तर खालचा पत्रा आणि शॉकअप जिथे वर बसतो ती जागा गंजली आहे का ते आधी बघा. ती जागा पोखरलेली असेल तर नव्या स्प्रिंगा घालून उपयोग नाही. ती शाबूत असेल तर मी तरी दोन स्प्रिंगांसाठी गाडी विकणार नाही.

आणि गॅरेजमधून जुने तुकडे मागून घ्या. ते तुमचे आहेत. मी दोन्ही तुकडे तेल लावून डब्यात ठेवले होते. गेल्या गणपतीत दादाने विषय काढल्यावर डबा त्याच्यासमोर ठेवला आणि तपकिरी कोर दाखवली. त्याने तुकडा बराच वेळ हातात फिरवला. कुणी काही बोललं नाही. मग त्याने विचारलं, "मागच्या वाट्या साफ केल्यास का?"

केल्या नव्हत्या. पुढच्या बदलल्या म्हणून मागच्यांचा विचारच कुणी केला नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी दादा स्वतः सतरंजी टाकून गाडीखाली झोपला, मी टॉर्च धरला. डावीकडच्या वाटीतून मूठभर गाळ निघाला. तुम्हीही पुढचं काम होईल त्याच दिवशी मागच्या दोन्ही वाट्यांवर पाण्याचा जोरात फवारा मारून घ्या आणि तळाचं भोक तारेने मोकळं करा.