साताऱ्यात ट्रेकिंगसाठी पुस्तक घ्यावं, की मोबाइलमधलं ॲप पुरेसं आहे?

तुम्ही विचारलंय की, नोकरीनिमित्त साताऱ्यात आलात, डोंगर चढायची आवड लागली आहे, मोबाइलमध्ये ट्रेकचं ॲपही आहे. तरीही किल्ल्यांची पुस्तकं घ्यावीत का, आणि घ्यायची तर चांगलं पुस्तक ओळखायचं कसं? मी साताऱ्याचाच. इथले डोंगर लहानपणापासून पायाखालचे आहेत, त्यामुळे थेट सांगतो: पुस्तक घ्याच. फक्त कोणतं घेताय ते नीट बघून घ्या.

दुकानात ‘किल्ले’ या नावाखाली जे मिळतं त्यातलं बरंचसं इतिहासाचं असतं, वाटेचं नसतं. गड कुणी बांधला, महाराजांनी कधी घेतला, १८१८ मध्ये इंग्रजांच्या हातात कसा गेला, हे सगळं वाचायलाच हवं. पण सकाळी सातला पायथ्याच्या वाडीत उभं राहिल्यावर समोर तीन वाटा दिसतात आणि त्यातल्या दोन ढोरवाटा असतात, तेव्हा या माहितीने पाऊल पुढे पडत नाही. म्हणून मार्गदर्शक पुस्तक हातात घेतलं की मी एवढंच बघतो: जिथे वाट चुकते नेमकं तिथे हे पुस्तक बोलतं का?

हे महत्त्वाचं का, ते आपल्या डोंगरांच्या घडणीत आहे. सह्याद्री म्हणजे लाव्हाचे एकावर एक बसलेले आडवे थर. कठीण थराचा कडा होतो, त्याखालच्या मऊ थराचा पदर किंवा गवताचा उतार होतो. वर जायचं तर पदरावरून आडवी मारत कड्यातली एखादी नाळ किंवा घळ (कड्यातली अरुंद खाच) नाहीतर सोंड (खाली उतरत आलेली डोंगराची धार) गाठावी लागते. ती जागा सापडली की निम्मं काम झालं. ती हुकली तर माणूस कड्याच्या पोटाशी कारवीच्या दाट झुडपांतून दिवसभर फिरत राहतो आणि गड डोक्यावर दिसत असतो. त्यामुळे सह्याद्रीतल्या वाटेचं वर्णन म्हणजे मुख्यतः त्या एका जागेचं वर्णन. ‘गावातून मळलेली वाट थेट गडावर जाते’ एवढं लिहून मोकळं होणारं पुस्तक परत ठेवून द्या. ‘पदरातल्या धनगरवाड्यानंतर मोठी वाट सरळ पाणवठ्याकडे जाते, ती सोडून उत्तरेला कड्याकडे वळा’ असं लिहिणारा माणूस स्वतः तिथे उभा राहिलेला असतो.

उत्तरेला, हेही मुद्दाम लिहिलं. नुसतं डावं-उजवं लिहिणारी वर्णनं फार फसवतात. चंदन-वंदनचंच बघा. दोन गडांच्या मधल्या खिंडीत पोचलात की एका हाताला चंदन, दुसऱ्या हाताला वंदन. पण खिंडीत कोणत्या बाजूने चढून आलात त्यावर कोणता गड कोणत्या हाताला हे बदलतं. चांगलं पुस्तक अशा ठिकाणी पूर्व-पश्चिम देतं, किंवा तोंड कुठे करून उभं राहायचं ते तरी सांगतं.

दुसरी बघायची गोष्ट म्हणजे पाणी. कमळगडावर एक विहीर आहे, गेरूची किंवा कावेची विहीर म्हणतात तिला. अरुंद पायऱ्यांनी आत उतरत जावं तशी हवा गार होत जाते, दोन्ही बाजूंच्या भिंती लालभडक दिसतात, हात टेकला की तळवा रंगतो. बघावी अशीच जागा आहे. पण तळाशी असते ती ओली काव, म्हणजे लाल माती, पिण्याचं पाणी नाही. आता एखाद्या पुस्तकात ‘माथ्यावर विहीर आहे’ एवढंच छापलं असेल आणि त्यावर भरवसा ठेवून कुणी एप्रिलमध्ये एकच बाटली घेऊन वर गेलं, तर काय होईल याचा विचार करा. टाक्याचा, म्हणजे गडावर कातळात खोदलेल्या पाण्याच्या हौदाचा, नुसता उल्लेख पुरत नाही. पाणी पिण्याजोगं आहे का, कोणत्या महिन्यापर्यंत टिकतं, टाक्यात उतरायला दोर लागतो का, हे लिहिलेलं असलं तर त्या लेखकावर विश्वास टाकायला हरकत नाही.

आता ॲपबद्दल. मीही वापरतो. जीपीएसला मोबाइलची रेंज लागत नाही, त्यामुळे कोयनेच्या खोऱ्यात फोन मुका झाला तरी नकाशा आधी उतरवून ठेवलेला असला की ठिपका हलत राहतो. पण ॲपवरचा ट्रॅक म्हणजे कुणीतरी एक माणूस एका दिवशी जिथून गेला ती रेघ. तो कुठे भरकटला, कुठून मागे फिरला, हे त्या रेघेत वेगळं दिसत नाही. उंच कड्याच्या कुशीत आणि अरुंद नाळेत उपग्रहांचा संकेत कातळावर आपटून येतो, त्यामुळे ठिपका सरकतो. सड्यावर, म्हणजे मोकळ्या सपाट माथ्यावर, त्याने बिघडत नाही, कड्याच्या काठावर बिघडतं. आणि तो ट्रॅक जानेवारीचा असेल, तर ऑगस्टमध्ये त्याच ओढ्याला कमरेएवढं पाणी आहे हे तो सांगणार नाही.

नकाशाचीही एक मर्यादा माहीत असावी. सर्व्हे ऑफ इंडियाच्या १:५०,००० च्या टोपोशीटवर, म्हणजे उंचसखलपणा दाखवणाऱ्या सरकारी नकाशावर, दोन समोच्च रेषांमध्ये (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांमध्ये) २० मीटर उंचीचं अंतर असतं. म्हणजे दहा-बारा मीटरचा उभा कातळ, तीन-चार मजली इमारतीएवढा, दोन रेषांच्या मध्ये नाहीसा होऊ शकतो. नकाशात चढ सौम्य दिसेल आणि प्रत्यक्षात दोर लागेल. ‘इथे कातळटप्पा आहे, आधाराच्या खोबण्या आहेत, डाव्या अंगाला दृष्टिभय (खाली बघून भीती वाटेल अशी खोल दरी) आहे’ हे एक वाक्य फक्त तिथे जाऊन आलेला माणूसच लिहू शकतो. तरीही टोपोशीट वापरायला शिकाच. सर्व्हे ऑफ इंडियाच्या संकेतस्थळावरून बऱ्याच शीट पीडीएफमध्ये मिळतात. जुन्या क्रमांकांनी सातारा शहर ४७ जी/१४ आणि ४७ के/२ या दोन शीटांच्या शिवेवर येतं, कारण ७४ अंश रेखांश इथूनच जातो. तेव्हा दोन्ही घ्या.

पुस्तकांची नावं विचारलीत म्हणून सांगतो. मराठीत वाटांसाठी आनंद पाळंदे यांचं ‘डोंगरयात्रा’ बघा. त्यात नकाशे आहेत आणि ते डोंगर चालणाऱ्याच्या नजरेतून लिहिलेलं आहे. प्र. के. घाणेकर वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक, त्यामुळे त्यांच्या किल्ल्यांवरच्या पुस्तकांत गडाबरोबर तिथलं झाड, दगड, पाणीही येतं. इंग्रजी चालत असेल तर हरीश कापडिया यांचं ‘ट्रेक द सह्याद्रीज’, पहिली आवृत्ती १९७७ ची. विकत घेण्याआधी नगर वाचनालयात चाळून बघा. आणि एक वेगळी गोष्ट: मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा सातारा जिल्ह्याचा खंड १८८५ मध्ये निघाला. तो ट्रेकरसाठी लिहिलेला नाही, पण त्यात जिल्ह्यातल्या गडांची बारीक वर्णनं आहेत, दरवाजे, टाकी, चढायच्या वाटा सगळं. आज ढिगारा झालेल्या जागी पूर्वी काय होतं हे कळायला मला त्याचा फार उपयोग होतो.

जुनं पुस्तक वापरताना मात्र ते कधी लिहिलं गेलं ते पहिल्या पानावर बघायचंच. आपल्या जिल्ह्यात हे दुप्पट लागू आहे. कोयना धरण झालं, त्याचा शिवसागर जलाशय भरला आणि पूर्वी खोऱ्यातून पायी जाणाऱ्या वाटा पाण्याखाली गेल्या. म्हणून तर आज वासोटा किल्ल्याला साताऱ्याकडून जायचं तर बामणोलीहून लाँच पकडावी लागते. नंतर अभयारण्य झालं, २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला, गावं उठली. जुन्या पुस्तकात ‘गावात मुक्कामाची सोय होते’ असं लिहिलेलं गाव आता जोत्यांच्या रूपातच सापडेल, आणि त्या जंगलात मुक्कामाला परवानगीही मिळणार नाही. जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगावला दरडी कोसळून माणसं गेली. त्या भागातले उतार आणि ओढेही बदलले. असं काही घडून गेल्यावर आधीच्या वर्णनावर डोळे झाकून चालायचं नाही. पायथ्याच्या गावात विचारायचं. विचारतानाही ‘वाट आहे का’ असं विचारू नका, ‘आहे की’ असंच उत्तर येतं. ‘यंदा पावसाळ्यानंतर कोण वर गेलं होतं?’ असं विचारा. गुरं राखणारे मामा किंवा सरपणाला जाणाऱ्या मावशी भेटल्या तर पुस्तकातलं नाव त्यांना वाचून दाखवा. नाळेचं, खिंडीचं गावातलं नाव वेगळं असतं, ते पेन्सिलीने समासात तारखेसकट लिहून ठेवा.

श्रेणीबद्दल थोडं. आपल्याकडे सोपा, मध्यम, कठीण एवढ्यावर भागवतात आणि प्रत्येक लेखकाचं ‘मध्यम’ वेगळं असतं. स्विस आल्पाइन क्लबने पायवाटांसाठी टी१ ते टी६ अशी श्रेणी ठरवली आहे, आणि कोणत्या पायरीला वाट कशी असेल, हात कधी टेकावे लागतील, हे त्यात बांधून दिलेलं आहे. तसं काही आपल्या पुस्तकांत नसेल तर एक युक्ती आहे: तुम्ही चढून आलेल्या गडाला त्या लेखकाने काय म्हटलंय ते आधी बघा, म्हणजे त्याचं माप कळतं. वेळेचंही तसंच. स्कॉटलंडच्या विल्यम नेस्मिथने १८९२ मध्ये मांडलेला हिशोब अजून वापरतात: ५ किलोमीटरला एक तास, आणि वर ६०० मीटर चढाईला आणखी एक तास. म्हणजे ८ किलोमीटर आणि ६०० मीटर चढ असेल तर २ तास ३६ मिनिटं. हा हिशोब थंड हवेतल्या तगड्या माणसाचा, विश्रांती न धरता. मार्चनंतर माणदेशातल्या उघड्या डोंगरावर त्याच्या दीडपट वेळ धरा.

प्रस्तरारोहणाकडे वळायचं असेल तर पुस्तकावर अवलंबून राहू नका. सुळक्याच्या आराखड्यात मेख (दोर अडकवायला कातळात ठोकलेला खिळा) कुठे मारली आहे ते कळतं, ती आज गंजली आहे का ते कळत नाही. ते संस्थेत जाऊन, माणसाकडून शिका.

मला मनापासून वाटतं ते हे की, साताऱ्याला एकच जाड पुस्तक पुरणार नाही. इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्टमध्ये आल्फ्रेड वेनराइट नावाचा माणूस केंडल नगरपालिकेच्या खजिनदारीची नोकरी सांभाळून सुट्टीच्या दिवशी बसने डोंगरात जायचा. १९५५ ते १९६६ या काळात त्याने २१४ डोंगरांची सात पुस्तकं काढली, भागवार, नकाशे आणि अक्षर सगळं हाताने. आपल्याकडे महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस आणि त्याच जिल्ह्यात माण कायमचा दुष्काळी. वाई-धोम, कोयना-पाटण आणि माण-खटाव यांची तीन वेगळी पुस्तकं हवीत, कारण एकीकडे जळवा आणि शेवाळलेला कातळ सांभाळायचा, तर दुसरीकडे सावली शोधायची. हे काम इथल्या चालणाऱ्या मुला-मुलींनी हाती घ्यावं असं मी भेटेल त्याला सांगतो.

तुमच्यापुरतं सांगायचं तर सुरुवात अजिंक्यताऱ्यावरून करा. वरपर्यंत रस्ता आहे, तेव्हा चढाईचा प्रश्न नाही. दोन्ही शीट आणि पुस्तक घेऊन तटावर बसा आणि यवतेश्वर, सज्जनगड, जरंडा, कल्याणगड, चंदन-वंदन नकाशावरून एकेक ओळखा. मग पुसेगावजवळचा वर्धनगड, गाव गडाच्या कुशीतच आहे. त्यानंतर कल्याणगड, तिथे डोंगराच्या पोटात पाण्याची गुहा आहे, आत दत्त आणि पार्श्वनाथांच्या मूर्ती आहेत, विजेरी न विसरता न्या. कमळगड हिवाळ्यात, पाणी खालून भरून. वासोटा पावसाळ्यात बंद असतो, म्हणून दिवाळीनंतर जा. वन खात्याची परवानगी बामणोलीत मिळते, संध्याकाळच्या आत परतावं लागतं. जमलं तर आठवड्याचा मधला दिवस धरा, शनिवार-रविवारी लाँचसाठी रांग असते.