दारू सोडायला व्यसनमुक्ती केंद्राची खरंच गरज असते का? की इच्छाशक्ती पुरते?

तुम्ही लिहिलंय की भाऊ गेली आठ वर्षं रोज पितो, आता "सोमवारपासून घरीच बंद करतो" म्हणतोय, आणि घरचे म्हणतात केंद्राचा खर्च कशाला. खर्च केंद्रागणिक वेगळा, तो चौकशी करून कळेल. मला त्या "घरीच बंद करतो" वर बोलायचंय.

आमचे अण्णा एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक. रोजची देशी, शेवटी शेवटी सकाळीसुद्धा. २००९च्या आषाढीला थोरल्या काकांनी त्यांच्या गळ्यात माळ घातली, विठ्ठलाची शपथ घ्यायला लावली. अण्णांनी ती खरंच पाळली. इच्छाशक्ती म्हणाल तर त्या माणसाकडे ढीगभर होती. एकादशीच्या रात्री हात इतके थरथरायला लागले की आईनं पाण्याचा तांब्या स्वतः तोंडाला लावला. दुसऱ्या दिवशी फिट आली. कुणी कांदा फोडून नाकाशी धरला, कुणी चप्पल. काका म्हणाले, "दारू अंगातून बाहेर पडतेय, पडू दे."

तिसऱ्या रात्री अण्णा पलंगावर बसून हवेत नट पिळत होते. डोळे उघडे, अंग घामानं निथळत होतं, आणि मला ओरडत होते, "अगं सतरा-एकोणीसचा पाना दे, गाडी सहाला सुटायचीय!" मी अकरावीत होते. मी स्वयंपाकघरातून उलथनं आणून त्यांच्या हातात दिलं, कारण दुसरं काय करायचं ते कळेना. ते त्यांनी नीट चाचपलं आणि म्हणाले, "हा नव्हे." काका तोवर देवऋषी आणायला गेले होते.

ते परत यायच्या आत आईनं शेजाऱ्यांच्या जीपमधून अण्णांना सरकारी दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरबाईंनी आधी ब-१ जीवनसत्त्वाचं इंजेक्शन दिलं, मग सलाईन. रोज खूप पिणाऱ्याच्या अंगात ब-१ बहुतेकदा कमी पडलेलं असतं, तशात नुसतं ग्लुकोज चढवलं तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते, हे त्यांनीच सांगितलं. (काकांचा आदल्या दिवशीचा बेत काय होता? गल्लीतल्या कंपाउंडरकडून ग्लुकोजची बाटली लावून घ्यायचा.) मग झोपेच्या गोळ्यांच्या जातीचं औषध, रोज डोस कमी करत. अण्णांना बरं वाटल्यावर बाईंनी त्यांच्याच भाषेत समजावलं: दारू म्हणजे ब्रेक, तो सतत दाबलेला, म्हणून मेंदू ॲक्सिलरेटर तुडवत राहतो. एकदम ब्रेक सोडला की गाडी उधळणारच. दुसऱ्या ते चौथ्या दिवसातला हा भ्रम जिवावर बेततो. शपथेचा इथे काय संबंध?

म्हणजे दवाखान्यानं सुटली असंही नाही. चार महिन्यांनी काकांच्याच मुलाच्या हळदीला कुणीतरी ग्लास पुढे केला आणि पुन्हा सुरू. मग आईनं केंद्रात घातलं, महिन्याच्या वर. काका म्हणाले, "ही शहरातली नवी खुळं." पुण्यातलं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र डॉ. अनिता अवचटांनी १९८६ साली सुरू केलं, येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात. इतकं जुनं खूळ. अण्णांचं केंद्र दुसरं होतं, पण तिथेही औषधाचं काम पहिल्या आठवड्यातच उरकलं. बाकीचे दिवस बोलण्यात गेले. कधी प्यावंसं वाटतं, कुणाबरोबर, कुठल्या रस्त्यावर, सगळं वहीत लिहायचं. अण्णांच्या वहीत दोनच गोष्टी ठळक होत्या: पगाराची सात तारीख आणि डेपोसमोरची टपरी. घरी आल्यावर सात तारखेला आई डेपोच्या दारात उभी राहायची, आणि अण्णा मागच्या गेटनं, लांबच्या वाटेनं घरी यायचे. किती वर्षं? रिटायर होईपर्यंत.

काका आजही लग्नाकार्यात सांगतात, "माळ घातली म्हणून सुटली." काका, माळेनं फिट आणली. माळेला दोष नाही, अण्णा ती अजून घालतात. तिसऱ्या रात्री दवाखाना सोडून देवऋषी शोधणाऱ्याला दोष आहे.

आता तुमचं. अधूनमधून पिणाऱ्याला भरती व्हायची गरज नसते, आणि तुमच्या भावालाही कदाचित घरीच औषधं देता येतील, ते मानसोपचारतज्ज्ञाला तपासून ठरवू दे. मी डॉक्टर नाही. केंद्रंही सगळी धड नसतात. मारहाण करणारी, कोंडून ठेवणारी आहेत, म्हणून डॉक्टर रोज येतो का, घरच्यांना भेटू देतात का, हे आधी विचारा. आणि जेवणात गुपचूप कालवायची पूड कुणी विकत असेल तर घेऊ नका. त्यात डायसल्फिराम (दारू प्यायली की त्रास व्हावा म्हणून द्यायचं औषध) निघालं आणि वरून तो प्यायला, तर जीव जाऊ शकतो. ते औषध द्यायचं तर त्याला सांगून, डॉक्टरच्या देखरेखीखाली.

सोमवार म्हणजे कुठला सोमवार, ते लिहिलं नाहीत. तो उलटून गेला असेल आणि हात थरथरत असतील तर बाकीची उत्तरं वाचत बसू नका, त्याला घेऊन निघा.