कंट्रोल लाइन विमानाची शेपटी पंखाजवळ आणली तर ते जास्त चपळ होईल का?

नाही होणार, भाऊ. हातातल्या तारांना बांधून आपल्याभोवती गोल उडवायचं हे छोटं विमान. तुमचं ३५ चं (०.३५ घनइंचाचं) इंजिन, ५२ फुटांच्या तारा, लूपमध्ये (उभ्या गोल फेरीत) विमान सुस्त, म्हणून शेपटीचं अंतर ४० सेंटिमीटरवरून ३२ वर आणायचं म्हणताय. आधी करवत खाली ठेवा.

"शेपटी आखूड तर विमान चपळ" हे आमच्या इकडच्या जुन्या उडवणाऱ्यांचं ठाम मत आहे, आणि मला ते कधीच पटलं नाही. फ्लॅपच्या (पंखाच्या मागच्या हलत्या पट्टीच्या) बिजागरीपासून एलिव्हेटरच्या (शेपटीच्या हलत्या पट्टीच्या) बिजागरीपर्यंत ४० चे ३२ केले की एलिव्हेटरचा जोर घटतो. पण डोलणं आवरण्याची ताकद तोलापासूनच्या अंतराच्या वर्गाप्रमाणे, म्हणजे त्याहून जास्त घटते. मग विमान वळायला लागतं झटकन, पण थांबत नाही. चौकोनी लूपचा कोपरा संपला तरी नाक वरखाली होतच राहतं. ही मंडळी नुसत्या सुरुवातीला चपळाई म्हणतात. कोपऱ्यातून सरळ बाहेर पडता आलं पाहिजे, त्याचं काय?

तुमचं विमान बहुतेक नाकजड आहे. तोल (विमान जिथे समतोल राहतं तो बिंदू) पंखाच्या पुढच्या कडेपासून रुंदीच्या १५ ते २० टक्क्यांवर हवा. नाकातलं वजन थोडं थोडं काढून तोल एका वेळी ३-४ मिलिमीटर मागे न्या आणि उडवून बघा. पंखाच्या टोकाशी तारा बाहेर पडतात ती जागाही तोलाबरोबर मागे सरकवा.

दुसरा संशय पुशरॉडवर, म्हणजे बेलक्रँकची (तारांनी फिरणाऱ्या पंखातल्या पट्टीची) हालचाल एलिव्हेटरपर्यंत नेणाऱ्या काडीवर. गावाकडे सायकलचे दोन स्पोक जोडून तो केला जातो. २ मिलिमीटरची ती तार ओढताना ताठ असते, ढकलताना मधोमध वाकते. एलिव्हेटर बोटांत घट्ट धरा आणि दुसऱ्याला हँडल वर-खाली करायला सांगा. एलिव्हेटर जागचा हलत नाही आणि बेलक्रँक मात्र फिरतोय, म्हणजे रॉड वाकतोय. मध्ये रॉडला आधार द्यायला प्लायवुडचा गाइड बसवा. विमान एका बाजूला छान आणि दुसऱ्या बाजूला आळशी वळत असेल तर आधी हेच तपासा.

लांब शेपटीचा खरा तोटा वजनाचा. तोलापासून ४५ सेंटिमीटरवर १० ग्रॅम वाढले, तर २० सेंटिमीटर पुढे नाकात साधारण २२ ग्रॅम भरावे लागतात. म्हणून शेपटी हलकी करा, आखूड नको.

शेपटी किती उंचीवर लावायची तेही विचारलंत: इंजिनाच्या रेषेत किंवा किंचित वर, शून्य अंशावर लावा. त्यात फार अडकू नका.

कॉम्बॅटच्या (दोघांच्या हवेतल्या झुंजीच्या) विमानांना शेपटी आखूड असते हे खरं, पण त्यांना गरगर वळत राहायचं असतं, चौकोन काढायचे नसतात. आणि मे महिन्यात भर दुपारी चाचणी घेऊ नका. तापलेल्या विरळ हवेत इंजिनाचा दम जातो, तारा सैल पडतात आणि दोष विनाकारण शेपटीवर येतो. पऱ्हाटी काढून मोकळं झालेलं वावर सकाळी चालेल, पण वरून ११ केव्हीची लाइन गेली असेल तर त्या वावरात उडवूच नका. तुमच्या हातात स्टीलच्या तारा असतात.