वर्गखोल्यांच्या आधी दाखला

चि. बाळ, अनेक आशीर्वाद.

बांगलादेशातल्या कॉक्स बाजारला, रोहिंग्या निर्वासितांच्या छावण्यांत, जायचं नक्की झालं, हे कळलं. तुझा प्रस्ताव वाचला. ‘आणखी वर्ग उभारणे’ जागोजागी आहे. वर्ग हवेतच. पण तू माध्यमिक शिक्षणाचं काम घेतलं आहेस, आणि तिथे आधी विचारायचं ते हे की, शिकून हाती येणारा कागद मानणार कोण?

२०१७ च्या ऑगस्टनंतर म्यानमारमधून सात लाखांहून अधिक रोहिंग्या बांगलादेशात आले. ते परत जाणार हे सरकारी धोरण, म्हणून छावण्यांत बांगलादेशी अभ्यासक्रमाला परवानगी नाही. कित्येक वर्षं मुलं अनौपचारिक केंद्रांतच अडकली. २०२१ च्या अखेरीस म्यानमारचा अभ्यासक्रम आला. तो बर्मी भाषेत, जी अनेकांच्या घरात बोलली जात नाही, आणि शेवटी परीक्षा घ्यायला म्यानमारचं बोर्ड नाही. पोरगं दहावीपर्यंतचं शिकलं, तरी दहावी पास म्हणता येत नाही.

याउलट केनियातलं काकुमा. छावणी १९९२ पासूनची, भाग रखरखीत, वर्गांत दाटी. पण अभ्यासक्रम केनियाचा आणि शेवटची परीक्षाही केनियाचीच. त्या गुणांवर काही मुलं कॅनडातल्या विद्यापीठांत जातात. थोडीच, पण ती जाताना बाकीच्यांना दिसतात.

तू कोल्हापूरची, तेव्हा वळिवडे आठवणारच. १९४३ ते १९४८ तिथे सुमारे ५,००० पोलिश निर्वासित राहिले, बहुतेक बायका आणि मुलं. त्या तात्पुरत्या वस्तीत माध्यमिक शाळाही होती, अभ्यासक्रम पोलिश. मात्र सुरुवातीची वर्षं त्यांच्यामागे लंडनमधलं त्यांचं निर्वासित सरकार होतं. रोहिंग्यांना तसं कुणी नाही. भाषणात ही तुलना करायचा मोह होईल, तो आवर.

बोर्ड तुझ्या हातात नाही, नोंदी आहेत. प्रत्येक मुलाची हजेरी, इयत्ता, चाचण्यांचे गुण असे लिहून ठेव की शिक्षक बदलला, छावणी बदलली तरी ते मुलासोबत जातील. उद्या कुणी समकक्षता द्यायला, म्हणजे हे शिक्षण आपल्या इयत्तेच्या बरोबरीचं मानायला, तयार झालंच, तर आधी हेच मागेल.

आणि मुली. वयात आल्या की त्यांचं बाहेर पडणं बंद होतं. प्रस्तावात तू ‘पालक जनजागृती’ लिहिलं आहेस (हा शब्द दिसला की मला कंटाळा येतो). आईला पोरीचं भलं कळतं. तिला भीती रस्त्याची आणि लोकांच्या बोलण्याची असते. मुलींच्या वर्गाची वेगळी वेळ, शिकवायला बाई, आणि घरापासून केंद्रापर्यंत सोबतीला ओळखीची बाई, एवढं झालं की बोलणं पुढे सरकतं. त्या सोबतिणीच्या मानधनाचा तुझ्या अंदाजपत्रकात रकानाच नाही. तो घाल, बाकांच्या खर्चाच्याही वर.

पैसा आटतो आहे. २०२५ मध्ये निधीअभावी तिथल्या हजारावर स्थानिक शिक्षकांचे करार संपवले गेले. तुझ्या रकमेलाही कात्री लागेल, तेव्हा काय सोडायचं ते आत्ताच ठरव आणि सुधारलेला मसुदा निघण्यापूर्वी मला पाठव.