कॉन्ट्रास्ट एमआरआय आणि किडनी: बाटलीवरचं नाव विचारा

ताई, तुमच्या आईंचं वय ६२, मधुमेह, रक्तातलं क्रिएटिनिन (किडनीची तपासणी) १.६. न्यूरोच्या डॉक्टरांनी मेंदूचा कॉन्ट्रास्ट एमआरआय, म्हणजे शिरेतून औषध देऊन काढायचा, लिहून दिलाय आणि शेजारी सांगतात की 'डाय'ने किडनी जाते. म्हणून साधाच करून घेऊ का, असं तुम्ही विचारलंय. मी ठाण्यात एमआरआय टेक्निशियन आहे, काउंटरवर हा प्रश्न रोजचाच. परस्पर साधा करून येऊ नका. गाठ किंवा जंतुसंसर्गाची शंका असेल तर कॉन्ट्रास्टशिवाय चित्र अर्धवट राहतं आणि पुन्हा बोलावलं की पैसेही पुन्हा. पण डॉक्टरांना नेमकं काय बघायचंय ते जरूर विचारा. नुसत्या पक्षाघाताची शंका असेल तर बऱ्याचदा साध्यावर भागतं.

शेजाऱ्यांची गल्लत सीटी स्कॅनशी होतेय. तिथे आयोडीनचं औषध देतात. एमआरआयचं औषध गॅडोलिनियम या धातूचं, मात्राही कितीतरी कमी. नेहमीच्या मात्रेत ते किडनी बिघडवेल अशी भीती आम्हाला नसते. काळजी वेगळी आहे: किडनी आधीच थकलेली असेल तर ते शरीरात जास्त वेळ रेंगाळतं. धडधाकट माणसाच्या लघवीतून २४ तासांत जवळजवळ सगळं निघून जातं.

गॅडोलिनियम सुटं झालं तर विषारी, म्हणून ते दुसऱ्या रेणूत जखडून देतात. जुन्या लिनियर औषधांत ही पकड सैल, तर मॅक्रोसायक्लिकमध्ये पिंजऱ्यासारखी सगळीकडून बंद. किडनी जवळजवळ निकामी झालेल्या काही रुग्णांची त्वचा जाड, कडक होऊन सांधे आखडायचे. त्या एनएसएफ नावाच्या आजाराचा गॅडोलिनियमशी संबंध २००६ मध्ये पुढे आला आणि बहुतेक रुग्णांना लिनियर औषधंच दिलेली होती. युरोपने २०१७ मध्ये त्यातली बरीचशी बंद केली. मेंदूत थोडा अंश राहतो हे २०१४ पासून माहीत आहे, तेही मुख्यतः लिनियर वारंवार दिल्यावर. त्याने अपाय झाल्याचं सिद्ध झालेलं नाही, तरी उगाच दरवेळी कॉन्ट्रास्ट नको, हे माझं मत.

म्हणून सेंटरला फोन करून 'कॉन्ट्रास्ट सेफ आहे ना?' विचारू नका, 'हो' हेच उत्तर येणार. औषधाचं नाव विचारा. गॅडोटेरेट, गॅडोब्युट्रॉल, गॅडोटेरिडॉल यांपैकी असेल तर मॅक्रोसायक्लिक. गॅडोडायमाइड किंवा गॅडोपेंटेटेट म्हणाले, तर आईंसाठी मी दुसरं सेंटर बघेन. घोडबंदर रोडपासून वाशीपर्यंत सेंटरांना काय तोटा!

नुसत्या क्रिएटिनिनवर जाऊ नका, ईजीएफआर, म्हणजे किडनी रक्त किती गाळते त्याचा अंदाज, काढून घ्या. तोच १.६ आकडा तिशीच्या पुरुषात साधारण ५९ देतो, आईंच्या वयाच्या बाईत ३६ च्या आसपास. सीमारेषा ३० ची. म्हणजे आई अजून वर आहेत, पण रिपोर्ट जुना असेल तर ताजा करून घ्या, कारण मधुमेहात हा आकडा घसरत जातो. ३० च्या खाली गेला तरी मॅक्रोसायक्लिक देता येतं, फक्त निर्णय रेडिओलॉजिस्ट आणि किडनीच्या डॉक्टरांनी मिळून घ्यायचा. डायलिसिसवाल्यांना आम्ही डायलिसिसच्या थोडं आधीची वेळ देतो.

मात्रा वजनावर ठरते. आई ५५ किलोच्या असतील तर गॅडोटेरेट ११ मिली. बिलात १५ मिलीची बाटली दिसली तर दचकू नका, उरलेलं टाकून देतात. औषध जाताना हात गार पडल्यासारखा वाटतो, क्वचित मळमळतं. सुईपाशी आग झाली किंवा फुगलं तर आम्हाला बोलावण्यासाठी हातात दिलेला रबरी फुगा लगेच दाबायला सांगा, संकोच नको. आधी गॅडोलिनियमची रिअॅक्शन आली असेल तर फॉर्म भरतानाच सांगा. कोळंबी-खेकड्याच्या अॅलर्जीचा मात्र या औषधाशी खास संबंध नाही. आणि मधुमेहाची मेटफॉर्मिन बंद करा असं कुणी म्हणालं तर तो सीटीचा नियम इथे लावला जातोय, डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी थांबवू नका.